पिवळं दिसलं की जेसीबी!

गावात पाइपलाइनचा चर खणायला महिंद्राचं अर्थमास्टर आलं, तरी पोरं धावतात ती 'जेसीबी आला रे' म्हणतच. हे अर्थमास्टर चाकणला तयार होतं आणि खऱ्या जेसीबीचा एक कारखाना तिथून जवळच, तळेगावात आहे. दोन कंपन्या धंद्यात एकमेकींच्या उरावर बसलेल्या, पण गिऱ्हाईक फोनवर बेधडक विचारतं, "महिंद्राची जेसीबी मिळेल का?" महिंद्राच्या माणसाला हे ऐकून काय वाटत असेल ते त्यालाच ठाऊक.

जेसीबीचा फुल फॉर्म हा स्पर्धा परीक्षावाल्यांचा लाडका प्रश्न. उत्तर ऐकून बऱ्याच जणांचा हिरमोड होतो, कारण त्यात ना जमीन आहे, ना सिमेंट. ती एका माणसाची आद्याक्षरं आहेत : जोसेफ सिरिल बॅमफर्ड. इंग्लंडमधल्या स्टॅफर्डशरच्या या गड्यानं १९४५ मध्ये एका भाड्याच्या गॅरेजात, एका पौंडाला घेतलेल्या जुन्या वेल्डिंग मशीनवर आणि लढाईतून उरलेल्या भंगारावर धंदा मांडला. पहिला माल म्हणजे शेतावरची एक ट्रॉली. ती विकली ४५ पौंडांना. वर गिऱ्हाइकाची जुनी गाडी बदल्यात घेतली, दुरुस्त केली आणि तीही ४५ पौंडांना खपवली! धंद्याची तारीख धरली जाते २३ ऑक्टोबर, आणि त्याच दिवशी मुलगा अँथनी जन्मला. पुढे कंपनी त्यानंच सांभाळली.

१९५० मध्ये बिऱ्हाड हललं ते रोसेस्टर गावातल्या एका बंद पडलेल्या चीजच्या कारखान्यात. कामाला माणसं सहा. पुढच्या वर्षी यंत्रांना पिवळा रंग लागला. १९५३ मध्ये पहिला बॅकहो लोडर आला आणि त्याच साली ती तीन तिरकी अक्षरंही आली. बॅमफर्डसाहेब विक्रीतही वस्ताद. ड्रायव्हरच्या केबिनमध्ये त्यांनी चहाच्या किटलीसाठी प्लग दिला आणि पहिल्या शंभर गिऱ्हाइकांना किटल्या स्वतः नेऊन दिल्या. चहा मिळाला की ऑपरेटर खूश आणि ऑपरेटर खूश की मालक पुढचं मशीनही तेच घेणार, हे गणित आपल्या कुठल्याही ठेकेदाराला पटेल.

भारतात कंपनी आली १९७९ मध्ये, एस्कॉर्ट्सच्या भागीदारीत, हरियाणातल्या बल्लभगडला. २००३ मध्ये ती पूर्णपणे बॅमफर्डांची झाली. तोवर आपण नावाचं सामान्यनाम करून टाकलं होतं. लिंगाचा निकाल मात्र अजून लागलेला नाही. कुठे जेसीबी 'आला', तर कुठे 'आली'.

आता ओळख परेड. जेसीबी म्हणून आपण ज्याला हाक मारतो, ते यंत्र म्हणजे बॅकहो लोडर. चार टायर, पुढे माती भरायला रुंद बकेट, मागे खणायला दाताळ बकेट. खणायची वेळ आली की ऑपरेटर पुढची बकेट जमिनीवर टेकवतो, मागचे दोन जॅक दोन्ही बाजूंना खाली सोडतो आणि मग खुर्चीसकट गर्रकन मागे फिरतो. स्टीअरिंग पाठीशी, लिव्हर हातात. टायरांवरचा भार उतरलेला असतो, म्हणून खणताना यंत्र डुलत नाही. रस्त्याकडेला बघ्यांची गर्दी जमते ती खरं तर या खुर्ची फिरण्यापासून पुढची.

आणि जे साखळीच्या पट्ट्यावर चालतं, कमरेत पूर्ण गोल फिरतं आणि ज्याला माती भरायची ती वेगळी रुंद बकेट नसते, ते एक्सकॅव्हेटर. मराठीत पोकलेन. कुणी पोकलँड म्हणतं, जणू पोलंडचा चुलतभाऊच. हेही कंपनीचंच नाव! पोक्लेन ही जॉर्ज बाताय यांची फ्रेंच कंपनी, हायड्रॉलिक एक्सकॅव्हेटरच्या आद्य कर्त्यांपैकी एक. लार्सन अँड टुब्रोनं तिच्या सहकार्यानं भारतात ही यंत्रं बनवली आणि नाव रुतून बसलं. ती मूळ कंपनी पुढे अमेरिकेच्या केसनं गिळली, बाजारात टाटा हिटाची आली, कोमात्सू आली. पण विहीर खणायला आजही पोकलेनच येतं. बरं, हे फक्त आपलंच नाही. कोरियातले लोकही एक्सकॅव्हेटरला पोक्लेनच म्हणतात. जपानी माणूस 'युंबो' म्हणतो, तेही एका फ्रेंच मॉडेलचं नाव. इंडोनेशियात बॅकहोचा 'बेको' झालाय.

या घरातलं तिसरं भावंड आहे हायवा. 'वाळूने भरलेला हायवा पकडला' ही बातमी वाचली नाही असा मराठी वाचक विरळाच. हायवा ही मूळची डच कंपनी. ती ट्रक बनवतच नाही! ट्रकचा हौदा उचलणारा हायड्रॉलिक दांडा तिचा. ट्रक टाटाचा, नाहीतर अशोक लेलँडचा. म्हणजे तहसीलदारांनी पकडलेला असतो टाटा, आणि बदनाम होतो दांडा.

बुलडोझरचं प्रकरण मात्र हसण्यावारी नेण्यासारखं नाही. खरा बुलडोझर खणत नाही. तो पट्ट्यांवर चालतो आणि पुढच्या जाड पात्यानं माती ढकलतो. अतिक्रमण पाडल्याच्या बातमीत मथळ्यात बुलडोझर असतो आणि फोटोत बहुतेकदा जेसीबी. हा शब्द यंत्राच्याही आधीचा आहे. १८७६ च्या सुमारास अमेरिकेच्या लुईझियानात कृष्णवर्णीय मतदारांना फटक्यांनी धमकावण्याला 'बुलडोझ' म्हणत. यंत्राला ते नाव नंतर चिकटलं.

आता थोडी गंमत. मे २०१९ मध्ये 'जेसीबी की खुदाई' हा हॅशटॅग देशभर गाजला. विषय एवढाच, की खणणाऱ्या यंत्राभोवती भारतीय माणूस तासन्‌तास उभा का राहतो. सनी लिओनीनंही जेसीबीवर चढून फोटो टाकला. महाराष्ट्रानं तर यंत्राला पुष्पवृष्टीच्या कामाला जुंपलं. मिरवणुकीत दोन्ही बाजूंना जेसीबी, बकेटमध्ये पाकळ्या. २०२३ मध्ये मराठा आरक्षणाचे आंदोलक मनोज जरांगे यांच्या दौऱ्यांत ही दृश्यं गावोगाव दिसली. आमचं मत विचाराल तर या यंत्रानं केलेलं सर्वात हलकं काम हेच.

हेच तीन अक्षरी नाव साहित्यातही घुसलं. २०१८ मध्ये पहिला जेसीबी साहित्य पुरस्कार, रोख २५ लाख, मल्याळी लेखक बेन्यामिन यांना मिळाला. आणि पाकिटातल्या रुपे कार्डावर जेसीबी दिसलं तर दचकू नका. ती जपानची कार्ड कंपनी आहे, १९६१ पासूनची. तिचा खोदकामाशी संबंध नाही, खर्चाच्या खड्ड्याशी असलाच तर असेल.

वेगाचा किस्सा तर भन्नाट. २००६ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेतल्या बॉनव्हिलच्या मिठागरावर यंत्रवाल्या जेसीबीची 'डीझेलमॅक्स' ही गाडी ताशी ५६३ किलोमीटरच्या पुढे पळाली, डिझेल गाड्यांचा विक्रम मोडत. तिच्यात दोन इंजिनं होती, बॅकहो लोडरसाठीच घडवलेल्या जातीची, फक्त चांगलीच पिसाळवलेली. चालक अँडी ग्रीन. १९९७ मध्ये मोटारीतून आवाजाचा वेग ओलांडणारा तोच.

आपल्या गल्लीतल्या जेसीबीला एवढी घाई नसते, कारण त्याचं भाडं तासावर असतं. तेव्हा मशीन बोलावताना आधी काम सांगा. चर, पाया, बांध, माती भरणं असेल तर जेसीबी. विहीर, शेततळं, कठीण मुरूम असेल तर पोकलेन. खडक लागला तर ब्रेकर आणायला सांगा, त्याचा दर वेगळा पडतो. आणि डॅशबोर्डवरच्या आवर मीटरचा आकडा काम सुरू होण्याआधी मोबाइलमध्ये टिपून ठेवा.