खर्ज हवा, पण खांदा एकच: लहान ट्यूबा म्हणजे काय आणि वरातीच्या बँडला तो सोयीचा का?

आंबिया बहाराची संत्री उतरतात आणि पाठोपाठ तुळशीच्या लग्नानंतरचे मुहूर्त सुरू होतात. मृग बहाराचा पैसा हाती येतो तोवर उन्हाळ्यातली लग्नसराई जवळ आलेली असते. अमरावती जिल्ह्यातील वरूड तालुक्यात संत्र्याचा आणि वरातींचा हंगाम असे एकामागोमाग येतात. बँडवाल्यांसाठी हे दिवस धावपळीचे. आज जरूड, उद्या बेनोडा, परवा सीमा ओलांडून मध्य प्रदेशातील पांढुर्णा. गाडी एकच, तीही छोटा टेम्पो. त्यात माणसे, ढोल, दिवे आणि वाद्ये कोंबायची. जागा अपुरी पडली की पहिला प्रश्न येतो तो सर्वांत मोठ्या वाद्याचा. खर्जातला स्वर देणारे हे पितळी धूड न्यायचे कसे?

या प्रश्नावर जगभरातील वादकांनी शोधलेले एक उत्तर म्हणजे लहान आकाराचा, प्रवासाला सोपा ट्यूबा. तो नेमका काय असतो, लहान होताना काय गमावतो आणि वऱ्हाडातील रस्त्यावर त्याचा उपयोग किती, ते पाहू.

ट्यूबा म्हणजे कोणते वाद्य?

ओठांच्या कंपनातून वाजणाऱ्या पितळी वाद्यांत ट्यूबा सर्वांत खालच्या स्वराचा. 'ट्यूबा' हा मूळ लॅटिन शब्द. रोमन सैन्यात लांब, सरळ रणवाद्याला हे नाव होते. आपल्याकडच्या कर्ण्याचे ते दूरचे भावंड म्हणता येईल. आजचा ट्यूबा मात्र १८३५ सालचा. प्रशियात लष्करी बँडचे प्रमुख विल्हेल्म वीप्रेख्ट आणि वाद्यनिर्माते योहान मोरित्झ यांनी त्या वर्षी त्याचे पेटंट घेतले. लष्करी बँडला मैदानात ऐकू जाईल असा भक्कम खर्ज हवा होता, ही त्यामागची गरज. म्हणजे चालत वाजवणाऱ्यांची सोय हा प्रश्न या वाद्याबरोबरच जन्माला आला.

तुतारीला किंवा कर्ण्याला कळा नसतात, त्यामुळे त्यातून मोजकेच स्वर निघतात. ट्यूबाला व्हॉल्व्ह असतात. व्हॉल्व्ह दाबला की हवेच्या वाटेत नळीचा जादा तुकडा जोडला जातो आणि स्वर खाली येतो. पहिला व्हॉल्व्ह दोन अर्धस्वर, दुसरा एक आणि तिसरा तीन अर्धस्वर खाली नेतो.

तो एवढा मोठा का असतो?

कारण खर्ज म्हणजे लांबी. नळी जितकी लांब, तितका स्वर खाली. हार्मोनियमच्या भाषेत सांगायचे तर मोठा ट्यूबा 'काळी पाच'चा (बी फ्लॅट) असतो आणि त्याची नळी सुमारे १८ फूट भरते. 'काळी दोन'च्या (ई फ्लॅट) ट्यूबाची नळी सुमारे १३ फूट, तर 'पांढरी चार'च्या (एफ) ट्यूबाची सुमारे १२ फूट. आपल्या बँडमध्ये सर्रास दिसणारे युफोनियम हेही काळी पाचचेच, पण एक सप्तक वरचे. त्यामुळे त्याची नळी निम्मी, म्हणजे सुमारे ९ फूट.

या लांबीत लबाडी करता येत नाही. नळी कापली की स्वर चढणारच. मात्र ती गुंडाळता येते. दोरखंड सैल ठेवला तर खोली भरते, घट्ट गुंडाळला तर पिशवीत मावतो; लांबी तीच राहते. लहान ट्यूबाचे सारे गणित या गुंडाळण्यात आहे.

मग सूसाफोन कशासाठी?

खांद्यावरून अंगाभोवती वळसा घेऊन डोक्यावर मोठे कर्णे उघडणारे वाद्य म्हणजे सूसाफोन. अमेरिकी बँडप्रमुख जॉन फिलिप सूसा यांच्या कल्पनेवरून जे. डब्ल्यू. पेपर यांनी ते १८९३ मध्ये बनवले. सुरुवातीला त्याचे तोंड आकाशाकडे असे; समोर तोंड असलेले रूप नंतरचे.

सूसाफोनचा फायदा असा की वजन हातांवर न येता खांद्यावर आणि धडावर येते, आणि वाद्य चालणाऱ्याबरोबर हलते. तोटाही तिथेच आहे. पितळी सूसाफोन बारा-पंधरा किलोंचा किंवा त्याहून जड असू शकतो, आणि त्याच्या तोंडाचा व्यास साधारण २६ इंच, म्हणजे ६६ सेंटिमीटर असतो. हे तोंड वेगळे काढता येते. तरीही उरलेले वेटोळे टेम्पोत दोन माणसांची जागा खाते. मे महिन्यात पारा ४२-४५ अंशांवर असताना तापलेले पितळ खांद्यावर घेऊन दोन-तीन तास चालायचे, तर वादकाच्या कमाईतला मोठा वाटा त्याच्या पाठीनेच दिलेला असतो. फायबरग्लासचे सूसाफोन हलके असतात, पण जागा तेवढीच घेतात.

ट्यूबा लहान करण्याचे दोन मार्ग

पहिला मार्ग म्हणजे लांबी तीच ठेवून नळी बारीक करायची, घट्ट गुंडाळायची आणि तोंड लहान ठेवायचे. ट्यूबाच्या बाजारात ३/४, ४/४, ५/४ असे आकार सांगतात. हा अपूर्णांक नळीच्या घेराचा आणि एकूण आकाराचा असतो. ३/४ म्हणजे पाऊण आकाराचा ट्यूबाही काळी पाचचाच असू शकतो आणि खालचे सगळे स्वर देऊ शकतो.

दुसरा मार्ग म्हणजे नळीच आखूड घ्यायची, म्हणजे काळी दोन किंवा पांढरी चारचा ट्यूबा. यात खालच्या टोकाचे स्वर कमी पडतात. ती तूट भरायला चौथा व्हॉल्व्ह लावतात. तो एकटाच पाच अर्धस्वर खाली नेतो. पण अनेक व्हॉल्व्ह एकदम दाबले की जोडलेली नळी थोडी कमी पडते आणि स्वर चढा लागतो. हा दोष दुरुस्त करणारी 'कॉम्पेन्सेटिंग' रचना इंग्लंडमध्ये डेव्हिड ब्लेकली यांनी १८७४ मध्ये काढली. आजही अनेक युफोनियम आणि ई फ्लॅट ट्यूबांत ती असते.

आखूड नळीला जादा व्हॉल्व्हची जोड देण्याची युक्ती जुनीच आहे. फ्रान्समध्ये विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत सहा व्हॉल्व्हचा एक छोटा ट्यूबा वाद्यवृंदांत वाजत असे. युफोनियमपेक्षाही तो एक स्वर वरचा. रावेल यांनी मुसोर्गस्कीच्या 'पिक्चर्स अॅट अॅन एक्झिबिशन'ची १९२२ मध्ये वाद्यवृंदासाठी जी रचना केली, त्यातील बैलगाडीच्या प्रसंगाचा ट्यूबा-एकल याच वाद्याला डोळ्यांसमोर ठेवून लिहिलेला आहे.

लहान तोंडातून मोठा खर्ज ऐकू येतो का?

काही प्रमाणात येतो, आणि त्याचे श्रेय आपल्या कानाला जाते. कोणताही स्वर एकटा नसतो. त्याच्या दुप्पट, तिप्पट, चौपट कंपनसंख्येचे उपस्वर त्याच्यासोबत निघतात. युफोनियमचा सर्वांत खालचा मूळ स्वर सेकंदाला सुमारे ५८ कंपनांचा. त्याचे उपस्वर ११६, १७४, २३२ असे असतात. लहान तोंडाच्या वाद्यातून मूळ स्वर क्षीण निघाला, तरी उपस्वर स्पष्ट पोचतात, आणि मेंदू त्यांच्यातील समान अंतरावरून खालचा स्वर स्वतः जुळवून घेतो. छोट्या ट्रान्झिस्टरवर पुरुषी आवाज भरदार वाटतो तो याच कारणाने.

मात्र छातीत जाणवणारा धक्का उपस्वरांतून मिळत नाही. तो मोठ्या तोंडाचा आणि भरपूर हवेचा मामला आहे. शिवाय खालच्या स्वराची लाट काही मीटर लांब असते. ती कोणत्याही एका दिशेने न जाता चहूकडे पसरते. दोन्ही बाजूंना घरे असलेल्या गल्लीत भिंती तिला परत पाठवतात, म्हणून तिथे छोटा ट्यूबाही भरल्यासारखा वाटतो. वस्ती संपून वरात शेताच्या रस्त्याला लागली की तोच खर्ज विरतो.

वरातीच्या बँडला खर्ज हवाच का?

हा प्रश्न रास्त आहे. पाश्चात्त्य बँडमध्ये ट्यूबा चालीखाली वेगळी, ठेक्याची स्वरपंक्ती वाजवतो. आपल्या वराती बँडची घडण वेगळी. इथे गाण्याची चाल हेच सर्वस्व. ट्रम्पेट आणि क्लॅरिनेट ती वर वाजवतात, युफोनियम बहुधा तीच चाल खालच्या सप्तकात धरतात किंवा ट्रम्पेटला उत्तर देतात. खालचा भार ढोलाकडे असतो. त्यामुळे भारतातल्या अनेक बँडमध्ये सूसाफोन हा वाजवण्याइतकाच मिरवण्यासाठीही असतो.

पण स्पर्धा बदलली आहे. विदर्भात गाडीवर कीबोर्ड आणि स्पीकर चढवलेले धुमाल, संदलचे ताशे आणि डीजे यांच्यासमोर ट्रम्पेट-क्लॅरिनेटचा बँड पातळ वाटू लागतो. यजमानाला 'दम' हवा असतो आणि तो खालच्या स्वरात असतो. म्हणून काही बँडही हातगाडीवर कीबोर्ड आणि स्पीकर घेतात. मग जनरेटर आला, डिझेल आले, आणि खर्ज देणाऱ्या वादकाचे काम गेले.

इथे चपळ, छोटा ट्यूबा उपयोगी पडू शकतो. युफोनियम वाजवणाऱ्याची बोटे आणि ओठ त्यासाठी बरेचसे तयार असतात. माउथपीस मोठा असल्याने ओठ सैल ठेवायची आणि अधिक हवा सोडायची सवय करावी लागते, इतकेच. गरज पडेल तेव्हा ठेका आणि गरज पडेल तेव्हा चाल, अशी दोन्ही कामे एकच माणूस करू शकतो. डीजेच्या भिंतीशी मात्र तो भिडू शकणार नाही. तशी अपेक्षाच चुकीची.

कायद्याची बाजूही लक्षात घ्यायला हवी. ध्वनिप्रदूषण नियम, २००० नुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे. रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत उघड्यावर ध्वनिक्षेपकाबरोबरच वाद्य वाजवण्यावरही निर्बंध आहे. म्हणजे वीज न वापरणाऱ्या बँडलाही घड्याळ पाहावेच लागते.

प्रवासात नेमका फरक काय पडतो?

टेम्पोत फरक मोठा. पाऊण आकाराचा ट्यूबा साधारण सहा-सात किलोंचा असतो आणि पाठीवरच्या पिशवीत मावतो. एसटीत तो दोन पायांच्या मध्ये उभा राहतो.

रेल्वेचे गणित थोडे वेगळे. नरखेड-अमरावती मार्गावरील वरूडच्या स्थानकाचे नावच 'वरूड ऑरेंज सिटी' आहे. स्लीपर वर्गात ४० किलो आणि द्वितीय वर्गात ३५ किलो सामान मोफत नेता येते, म्हणजे वजनाची अडचण नाही. पण डब्यात सोबत न्यायच्या पेटीसाठी १००×६०×२५ सेंटिमीटर अशी मर्यादा आहे. छोट्या ट्यूबाचे तोंडही ३०-३५ सेंटिमीटरचे असते. नियमावर बोट ठेवले तर तोही बसत नाही. सूसाफोनचा तर विचारच नको.

विमानात 'लहान' शब्दाची खरी कसोटी लागते. देशांतर्गत प्रवासात केबिनमध्ये साधारण ५५×३५×२५ सेंटिमीटर आणि ७ किलोंची पिशवी चालते. यात ट्यूबा क्वचितच मावतो. त्यामुळे तो कडक पेटीत घालून सामानात द्यावा लागतो, आणि पेटी धरून वजन बऱ्याच तिकिटांवरील १५ किलोंच्या आसपास जाते. नागपूरहून परगावी कार्यक्रमाला जाणाऱ्याने तिकीट काढण्यापूर्वीच पेटीची मापे कंपनीला कळवलेली बरी.

घेण्यापूर्वी काय पाहावे?

- पट्टा: छोटा ट्यूबा सूसाफोनसारखा अंगावर बसत नाही, तो हातात किंवा पट्ट्यावर लटकतो. एका खांद्याचा पट्टा तासाभरात मान धरतो. दोन्ही खांद्यांवर भार वाटणारा पट्टा घ्यावा.
- ओठ आणि दात: खडबडीत रस्त्यावर माउथपीस तोंडावर आदळतो. वाद्य अंगाशी घट्ट राहील असे बांधावे, आणि खड्ड्यापाशी न वाजवता पुढे जावे.
- ऊन: तापमान एका अंशाने वाढले की हवेतील ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ०.६ मीटरने वाढतो आणि वाद्य चढे लागते. सकाळी घरात जुळवलेला ट्यूबा दुपारच्या वरातीत पुन्हा जुळवावा लागतो. त्यासाठी मुख्य सरकनळी थोडी बाहेर ओढतात.
- धूळ: रस्त्यावरची धूळ व्हॉल्व्हमध्ये गेली की ते अडकतात. कार्यक्रमानंतर पुसून तेल घालणे आणि माउथपीस काढून वेगळा ठेवणे, एवढ्याने वाद्याचे आयुष्य वाढते.
- दुरुस्ती: भारतात पितळी बँडवाद्यांचे मोठे केंद्र मेरठ. तिथल्या जली कोठी भागात हा धंदा एकवटला आहे, आणि १८८५ मध्ये सुरू झालेली नादिर अली अँड कंपनी तिथलीच. लहान ट्यूबा मात्र मुख्यतः चीन आणि युरोपातून येतात. पोचा काढणे किंवा सुटलेल्या जोडाला डाख लावणे स्थानिक कारागिराला जमते. व्हॉल्व्हचा सुटा भाग मिळेल का, ते आधी विचारावे.

थोडक्यात, लहान ट्यूबा हा एक सौदा आहे. छातीत घुमणारा धक्का थोडा सोडायचा, आणि त्या बदल्यात टेम्पोतली जागा, पाठ व दिवसाच्या शेवटी उरणारा श्वास वाचवायचा. मोठ्या सभागृहातील वाद्यवृंदाला हा सौदा तोट्याचा ठरेल. पण एका हंगामात गावोगावी, उन्हात आणि पायी वाजवणाऱ्या बँडला तो बहुतेक वेळा फायद्याचा आहे. घरी राहिलेल्या मोठ्या वाद्यापेक्षा वरातीत पोचलेला छोटा खर्ज केव्हाही बरा.