जुन्या घराच्या तुळया चिरायला करवत कोणती?

विरार पूर्वेला चंदनसार, कोपरी, शिरसाड या पट्ट्यात कौलारू घर उतरवून स्लॅबचे घर उभे राहते, तेव्हा सागाच्या तुळया, ऐनाचे खांब आणि वासे अंगणात रचून राहतात. जुने लाकूड घेणारा ते ठोक भावाने मागतो. देण्याआधी विचार करा. त्याच तुळयांच्या फळ्या केल्या तर गव्हाण, दारे, धान्याची पेटी, मांडणी यांसाठी नवीन लाकूड घ्यावे लागत नाही. पन्नास-साठ वर्षे छपराखाली वाळलेला साग आता फारसा पिळतही नाही.

करवत निवडताना लाकडाची जात पाहण्याआधी दोन गोष्टी पाहाव्यात: लाकडाची जाडी आणि आत राहिलेले लोखंड.

आधी जाडी. हातात धरायच्या सव्वासात इंची गोल करवतीचे पाते साधारण अडीच इंच खोल जाते, दहा इंची टेबल करवतीचे तीन इंचांच्या आसपास. वासे, रिपा, जुन्या दाराच्या फळ्या यांना ती पुरते. सहा इंची तुळई मात्र तिच्यावर दोन बाजूंनी चिरायचा खटाटोप करू नये. सुकलेले कठीण लाकूड मध्येच पाते आवळते आणि तुकडा उसळून माणसाच्या अंगावर येतो. अशा तुळईला बँड सॉ म्हणजे पट्ट्याची करवतच हवी.

चेन सॉने का नाही? झाडे तोडायला ती अनेकांकडे असते म्हणून हा प्रश्न हमखास येतो. हिशेब करून पाहा. तुळई 150 मिलिमीटर जाड आहे आणि 25 मिलिमीटरच्या फळ्या हव्या आहेत. पट्ट्याची करवत प्रत्येक कापाला सुमारे 2 मिलिमीटर लाकडाचा भुसा करते, चेन सॉ सुमारे 8 मिलिमीटर. पट्ट्यावर पाच पूर्ण फळ्या निघतात आणि वर अर्ध्या इंचाहून थोडी जाड पट्टी उरते. चेन सॉवर पूर्ण फळ्या चारच. आठ तुळयांमागे आठ फळ्या भुशात जातात, आणि साग भुसा करण्याइतका स्वस्त नाही. शिवाय नेहमीची साखळी आडव्या कापासाठी घासलेली असते. उभे चिरायला दात्यांचा कोन वेगळा लागतो.

आता लोखंड. गिरणीवाला जुने लाकूड घ्यायला कुरकुरतो, आणि त्याचे बरोबर आहे. एक मोडका खिळा पट्ट्याचे सगळे दाते खातो. गोल करवतीच्या पात्यावर कार्बाइडची टोके असतात, ती खिळ्यावर तुटून गोळीसारखी उडतात. म्हणून लाकूड नेण्याआधी तारेच्या ब्रशने घासून घ्यावे. जुन्या स्पीकरमधला लोहचुंबक दोरीला बांधून चारही बाजूंवर हळू फिरवावा. लाकडावर काळा-निळा डाग दिसला तर तिथे लोखंड आहे असेच धरावे. लाकडातील टॅनिन आणि गंज मिळून तो रंग येतो, ऐनात आणि खैरात तो विशेष गडद दिसतो. पितळेचा खिळा चुंबकाला लागत नाही, तो डोळ्यांनीच शोधावा लागतो. डोके तुटलेल्या खिळ्याभोवती ड्रिलने बारीक भोके पाडून तो मोकळा करावा. तुळईची जी टोके भिंतीत होती त्यांत चुना आणि वाळू शिरलेली असते. ती हातकरवतीने कापून टाकावीत. त्यासाठी घरातली जुनी करवत वापरावी, नवी नको.

एवढे केल्यावरही पाते खराब झाल्यास पैसे कोणी द्यायचे, हे गिरणीवर आधीच बोलून घ्यावे. चिरणावळ घनफुटावर ठरते: आठ फूट लांब, सहा इंच चौरस तुळई म्हणजे दोन घनफूट. खैर आणि ऐन असतील तर शेवटी चिरायला सांगावेत, पाते बोथट झाले की काप वाकडा जातो. सागातही सिलिका असते, त्यामुळे तो हाताला मऊ वाटला तरी धार लवकर मारतो.

स्वतःची छोटी पट्ट्याची करवत घ्यायची असेल, तर जाड लाकडासाठी इंचाला तीन दाते असलेला पट्टा घ्यावा. बारीक दात्यांत भुसा अडकतो, पट्टा तापतो आणि भरकटतो. दुधातूचे, म्हणजे बायमेटल पट्टे महाग असतात, पण चुकून राहिलेला बारीक खिळा साध्या पट्ट्यापेक्षा बरा सोसतात. गोल करवतीला उभ्या कापासाठी 24 दात्यांचे पाते चालते; 60 किंवा 80 दात्यांचे आडव्या कापाला ठेवावे. शेतीपंपाच्या जोडणीवर करवत चालवू नये, वीज कायदा 2003 च्या कलम 126 नुसार तो अनधिकृत वापर ठरतो. दुसऱ्यांचे लाकूड चिरून द्यायचा धंदा करायचा असेल तर आधी वन विभागाकडे परवान्याची चौकशी करावी. सागवान टेम्पोत घालण्याआधीही वाहतूक परवाना लागेल का, हे वनक्षेत्रपाल कार्यालयात विचारावे आणि घर उतरवल्याचा कागद सोबत ठेवावा.

चिरताना चष्मा आणि नाकाला चांगला मास्क हवाच, साधा रुमाल बांधून भागत नाही. लाकडाची धूळ कर्करोगकारक म्हणून नोंदलेली आहे, आणि जुन्या रंगात शिसे असू शकते.

हे काम दिवाळीनंतर, पावसाची ओल गेल्यावर काढावे. चिरलेल्या फळ्या सावलीत, दोन-दोन फुटांवर सारख्या जाडीच्या पट्ट्या घालून रचाव्यात आणि वर वजन ठेवावे. वरून आतापर्यंत कोरडा वाटलेला ऐन आतून कधी कधी ओला निघतो. त्याला रंधा मारायची घाई करू नये.