दगडी पट्ट्या बोलू लागल्या

तुमच्या नकाशासंग्रहात मेक्सिकोचे पान उघडा. देशाच्या दक्षिण टोकाला चियापास राज्य आणि ग्वाटेमाला यांच्यामधून एक निळी रेषा वायव्येकडे गेलेली दिसेल. ती उसुमासिंता नदी. बरेच अंतर ती दोन देशांची सीमा म्हणून वाहते. या नदीतून आपल्याला याश्चिलान नावाच्या शहरी जायचे आहे. तिथे गाडीरस्ता पोचत नाही.

फ्रोंतेरा कोरोसाल या गावी लांबट, अरुंद होडीत बसायचे. होडीला मागे मोटार आणि वर साधे छप्पर असते. प्रवाहाबरोबर सुमारे पाऊण तास. डाव्या हाताला मेक्सिको, उजव्या हाताला ग्वाटेमाला, दोन्हीकडे सदाहरित जंगलाची भिंत. काठावर एखादी मगर ऊन खात पडलेली असेल. वाघाच्या डरकाळीसारखा आवाज आला तर घाबरू नका. तो हाऊलर जातीचा माकड आहे. त्याचा आवाज काही किलोमीटर ऐकू जातो.

या जंगलात तुमच्या ओळखीचे एक झाडही भेटेल. डहाणू-घोलवडचा चिकू आपण घरचा समजतो, पण त्याचे मूळ माहेर हे! माया लोक चिकूचे टणक, न कुजणारे लाकूड दारांवर बसवीत. तिकाल या शहरातील मंदिरांत ते हजारावर वर्षे टिकले.

याश्चिलानला मात्र दारांवर दगड आहे. नदी इथे घोड्याच्या नालासारखे वळण घेते आणि तिने तीन बाजूंनी वेढलेल्या जागेत हे शहर उभे आहे. होडीतून उतरून चढण चढले की एका इमारतीच्या काळोख्या बोळांतून जावे लागते. तिला ‘चक्रव्यूह’ म्हणतात. विजेरी हवीच, कारण आत वटवाघळांची वस्ती आहे. पलीकडे एकदम मोकळे, हिरवे पटांगण लागते. खोल्या अरुंद दिसतील. माया गवंड्यांना खरी कमान माहीत नव्हती. दोन्ही भिंतींचे दगड थराथराने पुढे सरकवून ते वर जुळवीत. अशा छताखाली रुंद खोली निघत नाही.

१८८२ साली इंग्रज संशोधक आल्फ्रेड मॉडस्ली येथे आला. थोड्याच दिवसांत फ्रेंच प्रवासी देझिरे शार्ने येऊन पोचला आणि आपल्या आधी कोणी आलेले पाहून हिरमुसला. मॉडस्लीने मोठ्या मनाने त्याला आपल्या मुक्कामात जागा दिली. शार्नेने शहराला आपल्या खर्चाचा भार उचलणाऱ्या तंबाखूच्या व्यापाऱ्याचे, लॉरिलार्डचे, नाव दिले! ते टिकले नाही. ‘याश्चिलान’ हे नाव पुढे तेओबर्ट मालर याने रूढ केले.

आपल्या जुन्या वाड्यांत दारावर गणेशपट्टी असते ना? इथल्या दारांवरही कोरीव पट्ट्या होत्या, पण त्या खालून, दारात मान वर करून पाहायच्या. त्यांतल्या काही मॉडस्लीने काढल्या. वजन कमी व्हावे म्हणून दगडांची जाडी तासून त्या नदीवाटे बाहेर नेल्या. एकाच इमारतीच्या तीन दारांवरील पट्ट्यांपैकी दोन आज लंडनच्या ब्रिटिश संग्रहालयात आणि एक मेक्सिको शहरात आहे. तिथे कोरीवकाम सुरक्षित राहिले, हे खरे; तरी दारे उघडी पडली याची रुखरुख मला वाटते.

लंडनमधल्या एका पट्टीवर राणी काबाल शोक जिभेतून काटेरी दोरी ओढते आहे आणि राजा पेटती मशाल धरून उभा आहे. रक्त देण्याचा हा धर्मविधी होता. शेजारी तारीख आहे. माया लोकांच्या दिवसांच्या दीर्घ मोजणीत ती ९, १३, १७, १५, १२ अशी येते. आता कागद-पेन्सिल घ्या. आपली मोजणी दहाची, त्यांची विसाची. आपल्याकडेही जुनी माणसे साठाला ‘तीन विसा’ म्हणत. उजवीकडून जागांच्या किमती १, २०, ३६०, ७२०० आणि १,४४,००० अशा आहेत. तिसरी किंमत ४०० हवी होती, पण वर्षाच्या जवळ राहण्यासाठी तिथे विसाऐवजी अठराने गुणले आहे. गुणाकार करून बेरीज केलीत तर १३,९६,०३२ दिवस येतील. मोजणीचा आरंभ इ. स. पूर्व ३११४ च्या ऑगस्टमध्ये धरतात. शून्य क्रमांकाचे वर्ष नसते हे लक्षात ठेवलेत, तर तुम्ही इ. स. ७०९ च्या ऑक्टोबरात पोचाल.

तारखा अशा वाचता येत होत्या, पण त्या कशाच्या? विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत बहुतेक विद्वान म्हणत, ग्रहताऱ्यांच्या आणि देवांच्या. तातियाना प्रोस्कुरियाकॉफ या बाईंना हे पटेना. त्या मूळच्या वास्तुशास्त्राच्या. याच नदीवर, याश्चिलानच्या खालच्या अंगाला, पिएद्रास नेग्रास हे दुसरे माया शहर आहे. तेथील शिळांच्या तारखा त्यांनी गटागटाने मांडल्या. कोणताही गट एका माणसाच्या आयुष्याहून लांब पसरत नव्हता! प्रत्येक गटात आरंभीच्या तारखेजवळ एक ठरावीक चिन्ह आणि काही वर्षांनंतरच्या तारखेजवळ दुसरे चिन्ह. पहिले जन्माचे, दुसरे राज्यारोहणाचे. म्हणजे शिळांवर राजांची चरित्रे होती. हा लेख १९६० साली प्रसिद्ध झाला. जुन्या मताचे खंदे पुरस्कर्ते एरिक थॉम्पसन यांनी तो वाचून आपली चूक मान्य केली.

मग बाई याश्चिलानकडे वळल्या. १९६३ आणि १९६४ च्या लेखांत त्यांनी येथील राजांचा क्रम लावला आणि चिन्हांवरून त्यांना ‘ढाल-जग्वार’, ‘पक्षी-जग्वार’ अशी नावे दिली. मशाल धरलेला राजा तो ढाल-जग्वार, इ. स. ६८१ ते ७४२ एवढे त्याचे राज्य. येथील शेवटची कोरलेली तारीख इ. स. ८०८ ची. त्यानंतर शहर ओसाड पडले. युद्धे आणि वारंवारचे दुष्काळ ही कारणे सांगतात; युकातानमधील एका सरोवराच्या तळच्या गाळात त्या दुष्काळांच्या खुणा सापडल्या आहेत. माया लोक मात्र नाहीसे झाले नाहीत. त्यांच्या भाषा लाखो लोक बोलतात, आणि लाकांदोन माया विसाव्या शतकातही या मंदिरांत येऊन धूप जाळीत असत.

दुपार कलली की परत फिरा. येताना पाऊण तास लागला, पण जाताना प्रवाह समोरून आहे, जास्त वेळ लागेल. आपण उलट्या दिशेला, प्रवाहाबरोबर आणखी खाली गेलो असतो, तर पिएद्रास नेग्रास लागले असते. १९८५ मध्ये निवर्तलेल्या प्रोस्कुरियाकॉफबाईंच्या अस्थी १९९८ साली तिथे पुरल्या आहेत.