जीर्णोद्धार एका फटफटीचा

जीर्णोद्धार हा शब्द आपल्याकडे देवालय, विहीर किंवा नदीचा घाट यांच्या संबंधांतच वापरण्याची वहिवाट आहे. निखळलेले चिरे पुन्हां बसवावे, सांचलेला गाळ काढावा आणि पूर्वजांनीं निर्मिलेली वस्तु पुढील पिढीच्या हातीं धडधाकट द्यावी, एवढा त्याचा सरळ अर्थ. परंतु इंग्लंडांत हाच उद्योग कित्येक गृहस्थ आपल्या परसांतील लांकडी शेडमध्यें जुन्या मोटारसायकलींच्या बाबतींत मोठ्या निष्ठेनें करीत असतात. फटफटीसारख्या वाहनाचा जीर्णोद्धार तो काय करावयाचा, असें कोणी म्हणेल. तथापि या उद्योगांत एक प्रश्न दडलेला आहे, आणि तो जुनी पोथी, जुना वाडा व जुनें यंत्र या सर्वांना सारखाच लागू पडतो. जुनें वाचवितां वाचवितां आपण तें खोटें तर करीत नाहीं ना, हा तो प्रश्न होय. त्याचाच विचार या लेखांत करावयाचा आहे.

ज्या गाड्यांविषयीं येथें बोलावयाचें त्या सामान्य गाड्या नव्हत. ‘ट्रायल’ या नांवानें ओळखली जाणारी स्पर्धा वेगाची नसून तोल व संयम यांची असते. ओढ्यांतील निसरडे धोंडे, झाडांचीं मुळें, चिखलाचा उभा चढ, अशा वाटेचा एक लहानसा टप्पा आंखून दिलेला असतो आणि स्वारानें जमिनीस पाय न टेकतां तो पार करावयाचा असतो. पाय टेकला कीं दंडाचा गुण; गाडी अडली तर पांच गुण. ज्याचे दंडगुण सर्वांत कमी तो विजयी. स्कॉटलंडांतील फोर्ट विल्यमच्या परिसरांत होणारी सहा दिवसांची ट्रायल ही या खेळाची सर्वांत मानाची परीक्षा समजली जाते. अशा गाडीस वेग नको असतो. चालत्या माणसाच्या गतीनेंहि न गुदमरतां ओढणारें इंजिन, जड फ्लायव्हील, दगडांस न लागेल इतकें उंच पोट, लहान टाकी आणि वर वळविलेली धुराची नळी एवढें तिला पुरे.

या गाड्यांपैकीं एकीचें आपल्या देशाशीं जवळचें नातें आहे. १९४८ सालीं रेडिच येथील रॉयल एनफील्ड कारखान्यानें ‘बुलेट’ ही गाडी नव्या स्वरूपांत स्पर्धेंत उतरविली. तिच्या मागील चाकास झुलती भुजा व स्प्रिंगा होत्या. मागील चाक सांगाड्याशीं ताठ जखडलेलें असेल तरच जमिनीवर पकड राहते, असा त्या काळीं बहुतेक स्वारांचा समज होता. त्याच वर्षीं इटलींतील सान रेमो येथें झालेल्या सहा दिवसांच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेंत दोन बुलेट-स्वारांनीं सुवर्णपदकें मिळविलीं. पुढें जॉनी ब्रिटन या तरुणानें १९५२ सालीं बुलेटवरून स्कॉटलंडची सहा दिवसांची ट्रायल जिंकली आणि १९५७ सालीं पुन्हां जिंकली. १९५५ सालीं याच बुलेटची जुळणी करण्यासाठीं मद्रास येथें कंपनी स्थापन झाली. १९७० सालापर्यंत इंग्लंडांतील मूळ कारखाना बंद पडला, परंतु मद्रासेंत बुलेट घडतच राहिली. ७० मिलिमीटर व्यासाचा आणि ९० मिलिमीटर पल्ल्याचा तिचा सिलिंडर आपल्या रस्त्यांवर कित्येक पिढ्यांनीं ऐकला आहे.

आतां प्रत्यक्ष कामाकडे वळूं. वीस-तीस वर्षें शेडच्या कोपऱ्यांत पडून राहिलेल्या गाडीचा पिस्टन बहुधा गंजून सिलिंडरला चिकटलेला असतो. अशा वेळीं किकवर जोर करणें हा अविचार होय. प्लग काढून त्या छिद्रांतून पातळ तेल सोडावें आणि चार दिवस वाट पाहावी. बळानें न होणारें काम पुष्कळदां तेल व काळ मिळून करितात. नंतर गाडी उतरावयास घ्यावी. प्रत्येक भाग काढण्यापूर्वीं त्याचें छायाचित्र घ्यावें; हल्लीं खिशांतील फोनमुळें हें सोपें झालें आहे. ज्या बोल्टाचा जो वॉशर तो त्याच्याच सोबत डबींत ठेवावा व डबीवर नांव लिहावें. आज जें आपल्या लक्षांत आहे तें सहा महिन्यांनीं राहात नाहीं.

बुलेटच्या इंजिनांत कांहीं विशेष आहेत. तिच्या तेलाला निराळी टाकी नसते. क्रँककेसमध्येंच त्याकरितां कप्पा केलेला असतो. कनेक्टिंग रॉडच्या मोठ्या टोकाशीं तरंगता बुश असतो, आणि त्याचें आयुष्य सर्वस्वीं स्वच्छ तेलावर अवलंबून असते. म्हणून लोकरी गाळणी बदलणें व तेलाचे मार्ग गाळापासून मोकळे करणें, हें रंगरंगोटीच्या फार आधीं करावयाचें काम आहे. ठिणगी देणारा मॅग्नेटो तर भल्याभल्यांना चकवितो. थंड असतांना ठिणगी उत्तम पडते, आणि इंजिन तापलें कीं ती नाहींशी होते. अशा वेळीं बहुधा आंतील कंडेन्सर किंवा तारेच्या वेटोळ्यावरील वेष्टण जुनें होऊन निकामी झालेलें असते. कार्ब्युरेटर दहा वेळां उघडूनहि हा दोष जात नाहीं, कारण तो तेथें नसतोच. दोन धोक्यांची सूचना येथें देणें अवश्य आहे. जुन्या ब्रेकांच्या अस्तरांत अॅस्बेस्टॉस असण्याचा संभव असतो, म्हणून त्यांची धूळ कधींहि फुंकूं नये, ओल्या फडक्यानें टिपावी. तसेंच पेट्रोलची टाकी रिकामी दिसली म्हणून तिला डाग देण्यास बसूं नये. आंत राहिलेल्या वाफेचा स्फोट होतो.

येथवरचें काम श्रमाचें असलें तरी वादाचें नाहीं. खरा वाद यानंतर सुरू होतो. ट्रायलची गाडी कारखान्यांतून आली तशी क्वचितच राहिलेली असते. पहिल्या मालकानें मडगार्ड कापलेलें असते, दुसऱ्यानें पाय ठेवण्याचे दांडे मागें सरकविलेले असतात, तिसऱ्यानें वजन कमी करण्यासाठीं जागोजाग भोकें पाडलेलीं असतात. टाकीवर पोचे असतात आणि सांगाड्यावर डाग दिल्याचीं वळें असतात. मग मूळ रूप कोणतें समजावें? कारखान्याच्या दारांतून बाहेर पडलेलें, कीं स्वारानें आपल्या अनुभवानें घडविलेलें?

हा प्रश्न आज अधिक तीव्र झाला आहे. १९६५ सालीं सॅमी मिलर यांनीं बुल्टाको या स्पॅनिश कारखान्याच्या हलक्या टू-स्ट्रोक गाडीवरून स्कॉटलंडची ट्रायल जिंकली आणि जड फोर-स्ट्रोक गाड्यांचें युग सरलें. त्या मागील युगाचें स्मरण राहावें म्हणून १९६५ पूर्वीच्या गाड्यांच्या स्वतंत्र स्पर्धा पुढें भरूं लागल्या. हेतु उत्तम होता. परंतु जेथें बक्षीस आलें तेथें युक्तिहि आली. नवा हलका सांगाडा, नवीं चाकें, नव्या घडणीचे काटे, आणि वर मात्र जुन्या नांवाची टाकी, अशा गाड्या ‘जुन्या’ म्हणून धांवूं लागल्या. त्या वाईट असतात असें नव्हे. कित्येक तर कारागिरीचे उत्तम नमुने असतात. पण त्यांना १९५५ ची गाडी म्हणणें हें सत्यास धरून होत नाहीं. याच्या उलट टोकाला दुसरे गृहस्थ असतात. ते प्रत्येक पोचा काढतात, प्रत्येक भागास आरशासारखी चकाकी आणतात, आणि चिखलांत जन्म काढलेल्या यंत्राला कधीं नव्हतें तें नववधूचें रूप देतात. एकानें आंतील सत्य घालविलें, दुसऱ्यानें बाहेरील.

संस्कृत ग्रंथांच्या अभ्यासकांस हा पेंच परिचयाचा आहे. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरानें महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचें काम १९१९ सालीं आरंभिलें व तें १९६६ सालीं पूर्ण झालें. निरनिराळ्या प्रांतांतील हस्तलिखितें ताडून संपादकांनीं पाठ सिद्ध केला. जे श्लोक नंतरचे ठरले ते फेंकून न देतां टीपांत व परिशिष्टांत ठेविले. आणि जेथें पाठाविषयीं खात्री नव्हती तेथें अक्षरांखालीं नागमोडी रेघ ओढली. ती रेघ मला त्या संपादनाचा प्राण वाटते. ‘येथें आमचा निर्णय संशयित आहे’ असें विद्वानानें वाचकास उघड सांगणें, यांत केवढा प्रामाणिकपणा आहे!

शेडमधील कारागिरालाहि हीच रीत घेतां येते. जो भाग चालत्या गाडीस अपाय करील तो निःशंकपणें बदलावा. तडा गेलेला सांगाडा किंवा झिजलेला ब्रेक इतिहास म्हणून ठेवणें हा आत्मघात होय. जो भाग केवळ जुना दिसतो त्याला हात लावूं नये. आणि जें जें बदललें त्याची तारीखवार नोंद एका वहींत करून जुना भाग पेटींत जपून ठेवावा. ही वहीच त्या गाडीची नागमोडी रेघ होय.

नव्या भागांच्या बाबतींत एक मौजेची गोष्ट घडली आहे. मूळ इंग्रजी कारखाना गेला, पण भारतीय बुलेट १९७७ पासून इंग्लंडांत विकली जाऊं लागली, आणि तिचे कित्येक भाग तेथील जुन्या गाड्यांच्या कामीं आले. मूळ संस्कृत ग्रंथ येथें लुप्त व्हावा आणि त्याचें तिबेटी भाषांतर शाबूत राहावें, तसाच हा प्रकार. मात्र भाषांतरावरून मूळ ठरवितांना जी सावधगिरी लागते ती येथेंहि हवी. जुन्या ब्रिटिश गाड्यांचे आटे इंची मापाचे असतात. त्यांत मेट्रिक बोल्ट जबरीनें पिळला तर आटे कायमचे जातात. माप घेतल्याविना कोणताहि भाग बसवूं नये.

आपल्या घरांतून अशी ट्रायलची गाडी क्वचितच सांपडेल. परंतु आजोबांचें भिंतीवरील घड्याळ, आजीचें शिवणयंत्र, काकांची जुनी बुलेट, यांपैकीं एखादी वस्तु बहुतेक घरीं माळ्यावर किंवा पडवींत असतेच. ती भंगारांत देण्यापूर्वीं, आणि नवी कोरी करण्यापूर्वींहि, तिच्यावरील खुणा घरांतील वडीलधाऱ्यांकडून समजून घ्याव्या. कोणता पोचा कोणत्या प्रवासांत आला, कोणता स्क्रू कोणी बदलला, हें सांगणारीं माणसें वस्तूपेक्षां लवकर जातात. दुरुस्तीस बसतांना नातवंडांपैकीं एकास शेजारीं घ्यावें, त्याच्या हातीं पाना द्यावा आणि नोंदवहीहि त्याच्याच अक्षरांत लिहवून घ्यावी. पुढें पन्नास वर्षांनीं ती वस्तु पुन्हां उघडली जाईल, तेव्हां आपण काय राखलें व काय बदललें हें उघडणाऱ्यास त्या वहीवरून कळेल.