गगनगडावर जाताना

कोल्हापुरातून गगनबावड्याला जाणारी एस.टी. कळे गाव मागे टाकते तेव्हा खिडकीतून अजून ऊसच दिसत असतो. साळवण, असळज ही गावे गेली की ऊस विरळ होतो, डोंगर जवळ येतात आणि गाडीत गारवा शिरतो. ५५ किलोमीटरचा हा रस्ता मी पहिल्यांदा पाहिला तो नानीशेजारी बसून. तेव्हा मी आठ-नऊ वर्षांचा असेन. नानीच्या पिशवीत दोन पुड्या होत्या. एकीत मलिदा, दुसरीत नारळ आणि कापूर. मलिदा गैबी पीरासाठी, नारळ दत्तासाठी. मामाच्या नोकरीचा एकच नवस तिने दोघांत वाटून बोलला होता. कोणी हसले तर ती म्हणायची, "गड एक, चढ एक. मग दोघांना वेगवेगळा त्रास कशाला द्यायचा?"

गगनबावडा हे घाटमाथ्यावरचे गाव. इथून कोकणात दोन घाट उतरतात. करूळचा घाट वैभववाडीकडे जातो, भुईबावड्याचा खारेपाटणकडे. या वाटांवर नजर ठेवायला गावाच्या डोक्यावर गगनगड उभा आहे. शिलाहार राजा दुसरा भोज याने १२व्या शतकाच्या अखेरीस तो बांधला, असे मानतात. पुढे हा मुलूख पंत अमात्य बावडेकरांच्या जहागिरीत आला. ज्यांच्या नावावर १७१५ सालचे 'आज्ञापत्र' आहे, ते रामचंद्रपंत अमात्य याच घराण्याचे.

आज मात्र लोक गडावर येतात ते देवदर्शनाला. गगनगिरी महाराजांनी इथे तपश्चर्या केली आणि हे ठिकाण महाराष्ट्रभर माहीत झाले. महाराजांचे निर्वाण २००८ साली झाले. त्यांची समाधी खोपोलीला आहे. पण गगनगडाची ओढ कमी झालेली नाही. मार्गशीर्ष पौर्णिमेला, म्हणजे दत्तजयंतीला, इथे मोठा उत्सव भरतो. पायऱ्या माणसांनी भरून जातात, धुक्यात भजन ऐकू येते आणि गाणारे दिसत नाहीत. याच गडावर गैबी पीराचा दर्गाही आहे.

नवखा माणूस इथे एक प्रश्न हमखास विचारतो. हे तर हिंदूंचे क्षेत्र, मग पीर कुठून आला?

उत्तराची सुरुवात नावापासून करू. 'गैब' हा अरबी शब्द. अर्थ, जे डोळ्यांना दिसत नाही ते. आपण मराठीत रोज वापरतो तो 'गायब' त्याच कुळातला. गैबी पीर म्हणजे अदृश्य असणारा, गुप्त राहिलेला सत्पुरुष. आता नाथपंथाकडे पाहू. मच्छिंद्रनाथांचे शिष्य गोरखनाथ, गोरखनाथांचे गहिनीनाथ. गहिनीनाथांनी निवृत्तिनाथांना उपदेश केला आणि निवृत्तिनाथांनी ज्ञानदेवांना. या गहिनीनाथांनाच अनेक ठिकाणचे लोक गैबी पीर मानतात. हा इतिहासाचा निवाडा नव्हे, लोकांची श्रद्धा आहे. पण श्रद्धाही काही पाहूनच तयार होते. नाथजोगी आणि सूफी फकीर दोघेही गावाबाहेर, डोंगरात, गुहेत राहत. दोघांजवळ झोळी, दोघांजवळ धुनी. आजारी लेकरू घेऊन आलेल्या बाईला दोघेही जात विचारत नसत. घाट चढून आलेल्या बैलवाल्याने किंवा गडावरच्या शिपायाने त्यांच्यात फरक करायचा तरी कशावरून?

दत्ताची गोष्टही अशीच आहे. जनार्दनस्वामी देवगिरीचे किल्लेदार. ते एकनाथांना दत्तदर्शनाला घेऊन गेले, तेव्हा दत्त मलंग फकिराच्या रूपात आले, बरोबर कुत्रा होता, अशी कथा दत्त संप्रदायातच सांगितली जाते. मी मराठीत कविता लिहू लागलो तेव्हा काही जणांनी आश्चर्याने विचारले, "तुम्ही मराठीत?" त्यांना मी श्रीगोंद्याच्या शेख महंमदांचे नाव सांगत असे. 'योगसंग्राम' लिहिणारा हा संतकवी मुसलमान होता आणि वारकऱ्यांचा होता. आम्ही काही नव्याने या घरात आलेलो नाही.

गगनबावड्याचे दुसरे दैवत पाऊस. कोल्हापूर जिल्ह्यात सर्वांत जास्त पाऊस इथे पडतो, वर्षाला ५ हजार मिलिमीटरच्या वर. तो ओढ्याओढ्यांनी कुंभी नदीत उतरतो. वाटेत पळसंब्याला रामलिंगाचे ठिकाण आहे. तिथे ओढ्यातल्या शिळाच कोरून लहान लहान देवळे केली आहेत, ती जरूर पाहावीत. कुंभी पुढे भोगावती, कासारी, तुळशी यांच्या पाण्याला मिळते आणि तिची पंचगंगा होते. पंचगंगा नरसोबाच्या वाडीला कृष्णेला भेटते. पुरात हे पाणी तिथल्या दत्तमंदिरात उत्तरेकडून शिरते, पादुकांवरून जाते आणि दक्षिणेच्या दाराने बाहेर पडते. दक्षिणद्वार सोहळा म्हणतात तो हाच. त्या पाण्यात न्हाण्यासाठी लोक रात्री-अपरात्री धावतात. वाडीचे ते देऊळ विजापूरच्या आदिलशहाने बांधल्याचे सांगतात. त्याला नेहमीसारखे शिखर नाही. गगनगडाच्या पीरावर पडलेला पाऊस शेवटी वाडीच्या दत्ताच्या पायांवर जातो, हे मला शाळेतल्या भूगोलाने शिकवले.

हे सगळे सांगताना मधली एक गोष्ट गाळता येणार नाही. आमच्या उत्तरेला विशाळगड आहे. तिथे मलिक रेहान बाबांचा दर्गा आहे, तिथेही दोन्ही समाजांचे लोक पिढ्यान्‌पिढ्या जात आले. १४ जुलै २०२४ रोजी, विशाळगडावरील अतिक्रमणाच्या प्रश्नावरून झालेल्या आंदोलनाच्या वेळी, पायथ्याजवळच्या गजापुरात मुसलमानांच्या घरांची आणि मशिदीची मोडतोड झाली. त्यानंतर आमच्या घरात गडांविषयी कोणी बोलेना. त्याच वर्षी डिसेंबरात दत्तजयंती आली. मी नेहमीप्रमाणे पिशवी भरायला घेतली, तर भाचा म्हणाला, "मामू, यंदा कशाला? कोणी काही बोललं तर?"

माझ्याजवळ उत्तर नव्हते. भीती मलाही होती. पण एकदा न जाण्याची सवय लागली की पुढच्या वर्षी कारणही लागत नाही, हे मला माहीत होते. मी म्हटले, "तू सोबत चल. मला आता पायऱ्या एकट्याला चढवत नाहीत." तो आला, पण सबंध वाटेत गप्प होता.

आधी दत्ताचे दर्शन घेतले, मग दर्ग्याकडे गेलो. दाराशी एक म्हातारे जोडपे थांबले होते. आजोबांच्या डोक्यावर गांधी टोपी, खांद्यावर टॉवेल. त्यांनी मला विचारले, "पाव्हणं, हितं टोपी काढायची का ठेवायची?" मी म्हटले, "राहू द्या आजोबा. इथे डोके झाकूनच जायचे." ते हसले. "मग बरं झालं. आमची काय निघतच न्हाई." मग त्यांची नजर माझ्या भाच्याकडे गेली. तो घाईत टोपी विसरला होता. आजोबांनी खांद्यावरचा टॉवेल काढून त्याच्या हातात दिला. "घे लेकरा, बांध डोस्क्याला."

भाच्याने टॉवेल बांधला. आम्ही चौघे आत गेलो. आजींनी पाच रुपयांची उदबत्ती लावली, मी फातेहा पढलो. बाहेर आल्यावर मलिदा चौघांत वाटला. टॉवेल परत करताना भाच्याने नीट घडी घातली, हे माझ्या लक्षात आले.

तुम्ही जाणार असाल तर एवढे सांगतो. दत्तजयंतीला जायचे तर गरम कपडे घ्या आणि संध्याकाळी परतीची गाडी आधी विचारून ठेवा. गर्दी नको असेल तर दुसरा कुठलाही हिवाळी दिवस निवडा. पावसाळ्यात निसर्ग अपार आहे. पण पायऱ्या निसरड्या होतात, घाटात धुके असते, तेव्हा जपून. देवळात चपला बाहेर, दर्ग्यात डोक्यावर रुमाल. काय करायचे ते ठाऊक नसेल तर शेजारच्याला विचारा. तोही बहुधा तुम्हालाच विचारायच्या बेतात असतो.

नानी जाऊन आता खूप वर्षे झाली. लहानपणी मी तिला विचारले होते, हा पीर आहे की नाथ? ती म्हणाली होती, "बाळा, ज्याचं नावच गैबी, त्याचा पत्ता काय विचारतोस?" परतीच्या गाडीत मी हे भाच्याला सांगितले. तो हसला नाही. खिडकीबाहेर पुन्हा ऊस दिसू लागला होता. कळे यायच्या सुमारास तो म्हणाला, "मामू, पुढच्या वर्षी अम्मीला आणू या का? तिला चढवतील ना पायऱ्या?"

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)