मिकीने धरलेला हात

परवा भाचीच्या वाढदिवसाला मिकी माऊसची पाण्याची बाटली घेतली. लेक म्हणाली, "आई, हा मिकी बघ." कॉम्प्युटरवर चित्र होतं. मिकी आणि मॅकडोनाल्डचा जोकर हसत चाललेत. मी हसलेच. मग मधली मुलगी दिसली.

मैत्रिणींनो, ती किम फुक. 8 जून 1972 ला व्हिएतनाममध्ये तिच्या गावावर नापाम बॉम्ब पडले. जळते कपडे टाकून रडत पळणारी ही 9 वर्षांची पोर जगाने फोटोत पाहिली. विमान दक्षिण व्हिएतनामचं, पाठबळ अमेरिकेचं. म्हणूनच बहुधा तिच्या दोन्ही बाजूंना अमेरिकेची ही लाडकी तोंडं! पुठ्ठा कापून, त्यावरून रंग फवारून भिंती रंगवणाऱ्या इंग्लंडच्या बँक्सीचं हे काम, 2004 चं. छापाच्या सहीच्या प्रती 150, बिनसहीच्या 500. लिलावात त्या भारी किमतीला जातात म्हणे. (दुखणं तिचं, किंमत चित्राला, असं मनात आलंच.)

मी जळित वॉर्डात बायकांना भेटायला जाते. भाजलेली बाई हात अंगापासून असेच लांब धरते, साधी चादरही लागू देत नाही. आणि चित्रात त्या दोघांनी नेमके तेच हात धरलेत. तिच्याकडे मात्र एकही बघत नाही.

किम वाचली. 14 महिने दवाखान्यात काढले, पुढे कॅनडात स्थायिक झाली, युद्धात सापडलेल्या मुलांसाठी संस्था काढली. चट्ट्यांवरचे उपचार 2022 पर्यंत चालले, म्हणजे पन्नास वर्षं!

बाटली भाचीला दिली. ती खूश आहे.