पाइंट, लिटर आणि मातीचा घोळ

जबलपूरच्या सिव्हिल लाइन्समधील रेल्वे स्थानकावर उतरणाऱ्या प्रवाशाला येथील संगमरवर ठाऊक असतो. मातीकामाची आठवण क्वचितच होते. बर्न कंपनीचा कारखाना याच शहरात होता.

साच्यात ओतावयाच्या मातीच्या घोळाची दाटी इंग्रज कारागीर ‘पाइंटास इतके औंस’ अशी सांगत. भारतात १९५६ च्या कायद्याने दशमान मापे आली आणि या आकड्यांचे रूपांतर करणे भाग पडले. पाइंटाचे ५६८ मिलिलिटर केले की काम झाले, असे मात्र नाही. दाटी हे वजन व आकारमान यांचे प्रमाण आहे. ब्रिटिश पाइंटभर पाणी २० औंस भरते. घोळ ३६ औंस भरला, तर त्याला २० ने भागावे, १.८ येतात, म्हणजे लिटरला १,८०० ग्रॅम. मातीची सापेक्ष घनता २.६ धरल्यास, १,८०० मधून १,००० वजा करून बाकी २.६ ने गुणावी व १.६ ने भागावी. कोरडी माती १,३०० ग्रॅम निघते, पाणी अवघे ५००.

खरी फसगत अमेरिकी पाइंट करतो. तो ४७३ मिलिलिटरचाच. हाच घोळ त्यात ३० औंस भरतो. तो पातळ समजून कारागीर आणखी माती घालतो आणि घट्ट घोळ साच्याच्या अरुंद कोपऱ्यांत पोहोचत नाही. झिलईत अशीच चूक झाली, तर जाड थर भट्टीत आकसून भांडे जागोजाग उघडे पडते.

म्हणून मापावरील छापील अक्षरांवर न विसंबता ते पाण्याने भरून एकदा तोलून पाहावे.